चाकवताची भाकर आणि काळं इंजिन

खालच्या मजल्यावरची रशियन बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ओरडूनच.

मी बिल्डिंगच्या मागे, कचऱ्याच्या मोठ्या डब्यांपलीकडे वाकून चाकवत खुडत होते. मिशिगनमध्ये चाकवत उगवतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बर्फ गेला, गवत वर आलं, आणि त्या गवतात पांढरट भुकटीचं पान दिसलं. ते ओळखायला मला चष्मा लागला नाही. ओचा भरत आला होता, तेवढ्यात ही धिप्पाड बाई आली. हातातली पिशवी तिने खाली टाकली, माझ्या ओच्यातली भाजी दोन्ही हातांनी उचलली आणि डब्यात फेकली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला इंग्रजी येत नव्हतं, रशियनचा तर प्रश्नच नाही. मी तिला मराठीत शिव्या दिल्या. तिने मला तिच्या भाषेत दिल्या. वरच्या खिडकीतून माझ्या मुलीने पाहिलं आणि ती अनवाणीच जिना उतरून आली.

"काय म्हणते ही?" मी विचारलं.

"म्हणते, हे माणसाने खायचं नसतं."

"मग तिने खावं."

"आई, थांब जरा. तिच्या आजीच्या गावात दुष्काळात याच्या बिया दळून भाकर करायचे. त्यात कोंडा. खाऊन पोटं फुगायची, लहान मुलं मरायची. म्हणते, तुझी मुलगी युनिव्हर्सिटीत आहे आणि तू उकिरड्यावरचं हे खातेस?"

"तिला सांग, आपण पानं खातो. ताक, डाळीचं पीठ, वरून लसणाची फोडणी."

"नाही सांगता येणार."

"रशियन येतं ना तुला?"

"रशियन येतं गं. फोडणी येत नाही."

मुलीला रशियन यायचं याचं कारण साधं होतं. आमच्या तालुक्याच्या गावी पूर्वी एक मोटार यायची, रशियात छापलेली मराठी पुस्तकं घेऊन. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी आणि किंमत अगदी किरकोळ. मुलीने त्यातली बर्फाची चित्रं बघत बालपण काढलं. पुढे नागपूरला कॉलेजात रशियन शिकली, आणि मग स्कॉलरशिप घेऊन अमेरिकेत ॲन आर्बरला आली, तीही रशियाचाच इतिहास शिकायला. मी म्हटलं, मग रशियातच जायचं होतंस. ती म्हणाली, रशियाचा अभ्यास करायला पैसे अमेरिका देते. तो देश नुकताच मोडला होता, त्यामुळे तेही पैसे आटत चालले होते.

नव्वदनंतरच्या त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होते, कारण तिला स्वयंपाक करायला वेळ नव्हता. जुलैअखेर तिच्या थीसिसची तोंडी परीक्षा होती. ऑगस्टनंतर तिचा पगार बंद. शेवटचं प्रकरण तिच्या गाईडने परत पाठवलं होतं. त्याचं म्हणणं, कारणं पुष्कळ सांगितलीस, उत्तर दिलं नाहीस. परीक्षा बुडाली तर व्हिसा संपणार आणि इतक्या वर्षांचं काम अर्धवट सोडून घरी यायचं. तिच्या जेवणात मीठ कमी की जास्त हेही तिला त्या दिवसांत कळत नव्हतं.

प्रश्न काय, तर जिथे बहुतेक सगळे शेतकरी, त्या देशात कारखाने का उभे राहिले?

मी भाकरी थापायला बसले की ती माझ्यासमोर बोलत बसायची. हात कामात असले की मला चांगलं ऐकू येतं.

"तिथला राजा काळ्या समुद्रावरची लढाई हरला," ती म्हणाली. "शत्रू जहाजांनी लांबून आला. याचं सैन्य याच्याच देशात होतं, पण गाड्या चिखलात रुतल्या. दारूगोळा पोचेना, धान्य पोचेना. आगगाडी तिकडे नव्हतीच."

"म्हणजे लाज वाटली म्हणून कारखाने काढले?"

"लाज आणि भीती. ते पहिलं कारण. मग त्याने शेतकऱ्यांना मोकळं केलं. तोवर ती माणसं मालकाची होती, जमिनीबरोबर विकली जायची."

माझ्या आज्याला गावाने महारकीत बांधून ठेवलं होतं. मढं वाहायचं, सांगावा घेऊन पळायचं, आणि वर शिळी भाकर. त्याला कुणी विकत नव्हतं, पण गाव सोडायची सोय त्यालाही नव्हती.

"मोकळं केलं म्हणजे नुसतंच मोकळं?" मी विचारलं.

"कुठलं! जमिनीची किंमत वर्षानुवर्षं सरकारला फेडायची. सगळ्या गावाने मिळून फेडायची, म्हणून गाव कुणाला सोडेना. बाहेर जायचं तर परवानगी. मग लोक थंडीत गिरणीत जायचे, सुगीला परत यायचे. फेडायला रोकड पाहिजे, ती शेतात पिकत नाही."

"दाव्याची गाठ सोडली आणि दावं गळ्यात ठेवलं."

"हो. तशीच माणसं गिरण्यांना मिळाली. आणि रूळ सरकारने टाकले. परदेशातून कर्ज काढलं, ते फेडायला गहू परदेशी विकला. काडेपेटीवर कर, रॉकेलवर कर, साखरेवर कर. बाहेरच्या मालावर जबर जकात, म्हणजे लोखंड देशातच ओतावं लागेल. रुळाला लोखंड, लोखंडाला कोळसा, कोळशाला पुन्हा रूळ. एकाने दुसऱ्याला ओढलं."

मग तिने नकाशा उघडला आणि त्या देशातला सगळ्यात लांब रूळ बोटाने दाखवला. एका टोकाची माणसं निजायला जातात तेव्हा दुसऱ्या टोकाची उठून कामाला लागतात, एवढा लांब. जंगलातून, दलदलीतून, गोठलेल्या मातीतून.

"खडी कुणी फोडली?" मी विचारलं.

"शेतकरी, कैदी, शिपाई."

"हाताने?"

"हातानेच."

माझा हात पिठातच राहिला आणि तव्यावरची भाकर करपली.

बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडली आहे. उन्हात बसून, बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळून, कारण हातोडी दगडावर कमी आणि बोटांवर जास्त बसायची. ही मुलगी तेव्हा माझ्या शेजारी गोणपाटावर बसायची, डोळ्यांत कपची जाऊ नये म्हणून मी तिचं तोंड पदराने बांधायची. खायला लाल मिलो ज्वारी मिळायची. ती अमेरिकेची आहे असं लोक म्हणत. तिची भाकर थापताना फाटायची आणि जनावराची चव लागायची. इथे आल्यावर मुलीने मला हायवेने नेलं, तेव्हा दोन्ही अंगांना धान्याने भरलेले उंच गोल मनोरे दिसले, एकामागून एक, संपेचनात. आमच्या पोटात गेलं ते यांच्या सांडलवंडीतलं होतं, हे मला तेव्हा कळलं. राग आला नाही. मी नुसती बघत राहिले.

तर पुरं वर्ष आमचं सगळं गाव खडी फोडत होतं, आणि तेवढ्यात आमच्या गावापासून तालुक्याच्या फाट्यापर्यंतचा रस्ता झाला. त्यामुळे नकाशातला तो रूळ किती लांब हे मला मैलात सांगायची गरज पडली नाही.

जुलैत मुलीने घरी बोलण्याची तालीम घेतली. ऐकायला माणसं हवीत म्हणून तिने खालच्या रशियन बाईलाही बोलावलं. आमचं भांडण एव्हाना जुनं झालं होतं. ती मला "ए इंडिया" म्हणायची, मी तिला "बाई" म्हणायचे. तिचा जन्म ट्रॅक्टरच्या कारखान्यात वरची क्रेन चालवण्यात गेला होता. कारखाना बंद पडला, नवरा मेला, म्हणून मुलाकडे आली होती. ती चॉकलेटचा डबा घेऊन आली आणि खुर्चीत ताठ बसली.

मुलगी तिच्यासाठी रशियनमध्ये बोलत होती आणि मधूनमधून मला मराठीत सांगत होती. लढाई झाली, जमीन झाली, रूळ झाले. गव्हाचं आलं तेव्हा ती म्हणाली, धान्याची निर्यात हे भांडवल उभं करण्याचं मुख्य साधन होतं, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळली.

बाई उठून उभी राहिली. मुलीचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"म्हणते, पोरांच्या तोंडचा घास काढून बोटीवर चढवला, त्याला साधन म्हणतेस?"

मुलीने तिला काहीतरी समजावलं. बाईने हात झटकला.

"मी म्हटलं, मी त्याचं समर्थन करत नाहीये. ती म्हणते, तुझा आवाज तसाच आहे. ती क्रेनवरून लोखंड हलवायची तेव्हा तिचा आवाज असाच असायचा म्हणे. डावीकडे, खाली, सोड."

बाई निघून गेली. चॉकलेटचा डबा तिथेच राहिला. आम्ही तो उघडलाही नाही.

त्यानंतर मुलगी लिहीना. टेबलाशी बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. एका सकाळी म्हणाली, "आई, मी डिफेन्स कॅन्सल करते."

"कर. माझं तिकीट पुढच्या आठवड्याचं बघ, दोघी जाऊ."

"तू जरा तरी समजूत घालशील की नाही?"

"मला विषयच कळत नाही, समजूत कशाची घालू?"

ती चिडली, आणि चिडली की ती नीट बोलते. "ती बाई बरोबर आहे. लोकांना उपाशी ठेवून ते सगळं उभं केलं. पण नुसतं लुटलं असं लिहिलं तर तेही खोटं आहे. लोक गिरणीकडे धावत गेलेत, रुळाच्या कामाला आपल्या पायाने गेलेत. का गेले? नुसती भूक? मला ते सांगता येत नाहीये, आणि गाईड नेमकं तेच विचारणार."

मी पीठ मळायला घेतलं.

रविवारी सकाळी दार वाजलं. बाई उभी होती, डोक्याला रुमाल बांधून, हातात पिशवी. मुलीला दोनच शब्द म्हणाली.

"म्हणते, गाडी काढ."

डेट्रॉइटच्या वाटेवर जुन्या यंत्रांचं एक भलंमोठं म्युझियम आहे. बाईचा मुलगा तिला एकदा तिथे घेऊन गेला होता. नांगर, चाकं, मोटारी, सगळं ओलांडून ती आम्हाला सरळ आत घेऊन गेली आणि तिने एका काळ्या इंजिनासमोर उभं केलं.

मी आगगाडी पाहिली नव्हती असं नाही. मी आगगाडीत बसले आहे. पण फलाटावरून इंजिन अर्धंच दिसतं. इथे ते जमिनीवर उभं होतं आणि मी त्याच्या चाकाशी. चाकांच्या रांगेला लागून चालत गेले, ती रांग लवकर संपेना. आमच्या गावच्या चावडीची इमारत त्यापुढे खोपटासारखी दिसली असती. इतकं लोखंड कुणीतरी जमिनीतून खणून काढलं, वितळवलं, ठोकलं, आणि मग ते चाललं. माझ्या अंगावर काटा आला. देवळात मला असं कधी झालं नाही. लहानपणी देवळात कुणी येऊ देत नव्हतं आणि नंतर आम्ही बौद्ध झालो, मग गरज उरली नाही.

वर चढून आत बघता येत होतं. लोखंडी पायऱ्या होत्या. मी खाली बसून मुलीने घेतलेले बूट काढले, कडेला जोडीने ठेवले आणि मग पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आई! काय करतेस? शूज घाल, लोक बघतायत."

लोक बघत होते. एक सिक्युरिटीवाला येऊन काहीतरी बोललाही. मी खाली उतरले. बाईने मुलीला विचारलं, हिने बूट का काढले?

मुलीला हसू आवरेना. तिने तिला आमच्या गावची गोष्ट सांगितली. आम्ही खडी फोडून केलेल्या रस्त्यावर पहिली एस.टी. आली, तेव्हा आम्ही बायकांनी तिला हार घातला. ड्रायव्हर म्हणाला, चढा, तालुक्याला फिरवून आणतो. आम्ही सगळ्या जणींनी चपला काढल्या, रस्त्याच्या कडेला ओळीने लावल्या आणि अनवाणी आत चढलो. कुणाच्या घरात शिरताना काढतात तशा. तालुक्याला उतरलो तेव्हा लक्षात आलं की चपला गावातच राहिल्या. भर दुपारी तापलेल्या डांबरावर आम्ही बायका उड्या मारत फिरलो, आणि स्टँडवरची माणसं पोट धरून हसली.

बाई मात्र हसली नाही. तिने इंजिनाच्या चाकावर हात ठेवला आणि हळूहळू बोलू लागली. मुलगी मला सांगत गेली.

तिची आजी लहान होती तेव्हा दुष्काळ पडला होता आणि त्याच वर्षी त्यांच्या भागात रूळ आला. पहिली गाडी येणार म्हणून गावच्या गाव चालत निघालं. मोठा पाहुणा आला की भरतकामाच्या कापडावर भाकर आणि मीठ घेऊन सामोरं जायचं, ही त्यांची रीत. भाकर होती ती चाकवताच्या बियांचीच, दुसरी होतीच कुठे? काळी, कडू. तीच कापडावर ठेवून त्यांनी इंजिनापुढे धरली. आजी वाकून जमिनीला टेकली. इंजिनवाला खाली उतरला, त्याने तुकडा मोडला, मिठाला लावला आणि खाल्ला. थुंकला नाही. आजी मरेपर्यंत हे सांगायची, की तो थुंकला नाही.

"आणि गाडीतून काय गेलं?" मुलीने विचारलं.

"गहू," बाई म्हणाली. "माझ्या आजीच्या बापाने पोती चढवली."

मी मुलीला म्हटलं, "तिला विचार, आजीला माहीत नव्हतं का, की आपलाच गहू चाललाय?"

बाईने ऐकलं, माझ्याकडे वळली आणि चिडून बोलली.

"म्हणते, माहीत नसायला काय झालं? बाप पाठीवरून पोती वाहत होता. पण असलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आणि म्हणते..." मुलगी अडखळली.

"बोल की."

"म्हणते, ए इंडिया, तू बूट का काढलेस?"

त्या रस्त्यावर माझ्या डाव्या हाताच्या बोटाचं नख गेलं होतं, ते पुन्हा धड आलं नाही. शेजारणीचं तान्हं मूल त्याच कामावर उन्हाने गेलं. आणि तरी एस.टी. आली तेव्हा तिच्या लाल पत्र्यावर मी हात फिरवला होता, अगदी गायीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

परतताना गाडीत मुलगी म्हणाली, "ही एका आजीची आठवण झाली, पुरावा नाही. चॅप्टरमध्ये नाही घालता येणार." हेच तिने बाईलाही सांगितलं.

बाई मागच्या सीटवरून म्हणाली, घालू नकोस. नुसता आवाज बदल.

परीक्षेच्या दिवशी निघताना बाईने आम्हा दोघींना दारातच बसवलं. प्रवासाला किंवा मोठ्या कामाला निघायच्या आधी तिच्याकडे सगळे क्षणभर गप्प बसतात. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत, पण बसायला हरकत नव्हती. जिन्याच्या पायरीवर मी, बाई आणि थीसिसचं बाड मांडीवर घेऊन मुलगी. मग बाई उठली आणि आम्ही निघालो.

खोली लहान होती, टेबल लांब. टेबलाच्या त्या बाजूला गोरे प्रोफेसर, या बाजूला माझी मुलगी उभी. गोणपाटावर बसून जिचं तोंड मी पदराने बांधायची तीच. ती एका अख्ख्या देशाला हात घालून तो उलगडून दाखवत होती आणि ती माणसं ऐकत होती. मला एक शब्द कळत नव्हता. इंजिनासमोर जसा काटा आला होता तसाच आला. एवढं या डोक्यात कुठून आलं? मी तर भाकरी घातल्या होत्या.

गव्हाची गोष्ट आली ते मला बाईमुळे कळलं. तिने माझं मनगट धरलं. मुलीचा आवाज संथ झाला. एकेक वाक्य बोलून ती थांबत होती, जणू प्रत्येक वाक्याशी कुणाला तरी वाट करून देत होती. बाईने मनगट सोडलं नाही, पण पकड सैल झाली.

मग गाईडने प्रश्न विचारला. मुलगी बाडाची पानं चाळत राहिली. मला वाटलं, झालं, बुडाली. मग ती बोलली, थोडंच बोलली. काय बोलली ते तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, वरच्यांच्या भीतीने याला सुरुवात झाली, खालच्यांच्या भुकेने याची किंमत भरली, कारणांचा क्रम मी असाच लावते. पण ज्यांनी किंमत भरली तेच त्या गाडीकडे डोळे विस्फारून बघत होते. ते मला मोजता येत नाही, आणि मोजता येत नाही म्हणून वगळताही येत नाही.

आम्हाला बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये मुलगी भिंतीला टेकून उभी. दार उघडलं, गाईड आला, तिचा हात हातात घेतला आणि तिला डॉक्टर म्हणाला. तेवढा शब्द मला कळला. पास झाली, पण शेवटचं प्रकरण उन्हाळा संपायच्या आत पुन्हा लिहून द्यायचं होतं. मी म्हटलं, बरं झालं, नाहीतर डोक्यात हवा गेली असती.

त्या संध्याकाळी मी चाकवताची पातळ भाजी केली, ताक, डाळीचं पीठ, लसणाची फोडणी. बाईला बोलावलं. ती आली, भात जेवली, बटाटे जेवली, लोणचं खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं. चाकवताची वाटी तिने बोटाने हळूच लांब सरकवली, माझ्या मुलीपुढे.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, तू डॉक्टर झालीस, तू खा."

मुलीने वाटी उचलली आणि पुसून खाल्ली. बाई घास न घेता तिच्या तोंडाकडे बघत होती, शेवटचा घास जाईपर्यंत.